फरचं झाड हाताने ओळखायचं

परवा आधीच्या कामावरच्या ताईंनी फोनवर एक फोटो पाठवला. बर्फात त्यांची मुलगी उभी आहे, लाल कोट, टोपी कानांवर ओढलेली, आणि मागे झाडंच झाडं. खाली तिच्या आवाजातला निरोप, "मावशी, गेस! फर की स्प्रूस?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. काळ्या-हिरव्या ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. फोटोवरून हे झाड ओळखता येत नाही. त्याचं पान हातात घ्यावं लागतं, दोन बोटांत धरून फिरवून बघावं लागतं. हे मला तिनेच शिकवलं होतं आणि आता तीच विसरली. लहान आहे, विसरणारच. मी उत्तर दिलं नाही. आजींची पेज गॅसवर होती, ती उतू जायला आली, म्हणून फोन बाजूला ठेवला असं मी माझं मलाच सांगितलं.

या आजी म्हणजे आता मी जिथे काम करते तिथल्या. बहरीनमधल्या हूऱ्यात, एका जुन्या इमारतीत. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि फारसं बोलत नाहीत. मीही बोलत नाही. त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

त्याआधी मी इथेच, उम्म अल हस्समला होते, मुलीच्या जन्मापासून. ताई बँकेत, साहेब इंजिनिअर, दोघंही पुण्याचे. मी रत्नागिरीकडची, अगदी समुद्राकाठची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि भावाच्या घरात माझं ताट वहिनीला जड व्हायला लागलं होतं. ताईंच्या सासूबाईंना कोणीतरी सांगितलं की एक बाई आहे, गरीब आहे, हात स्वच्छ आहे. बाळंतपणापुरती म्हणून मी बहरीनला आले आणि त्यांच्याकडेच राहून गेले. मुलीला पहिली आंघोळ मीच घातली. तिचे पहिले शब्दही माझ्यासमोरचे. शाळेत जायला लागल्यावर ती आईबाबांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. माझ्याशी मात्र दोन्हीची खिचडी.

कॅनडाचे कागद आले तेव्हा आम्ही सगळे जेवणाच्या खोलीत होतो, म्हणजे ते तिघं जेवत होते आणि मी पोळ्या वाढत होते. साहेबांनी सांगितलं तशी मुलगी ताट सरकवून टेबलाखाली जाऊन बसली. "आय अ‍ॅम नॉट गोइंग." साहेब वाकून म्हणाले, "अगं, तिथे बर्फ असतो, केवढं मोठं जंगल असतं." टेबलाखालून उत्तर आलं, "इज मावशी कमिंग?"

साहेबांनी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "तिथली थंडी सोसेल का मावशींना? तूच विचार."

टेबलाखालून डोकं बाहेर आलं. "मावशी, सोसेल?"

मी म्हटलं, "सोसेल की. न सोसायला काय झालं?"

त्यावर सगळे हसले. साहेब तर मोठ्याने हसले. मुलगी बाहेर आली आणि जेवली. ते हसणं मी होकार म्हणून घेतलं. त्या दिवशी कोणी "हो" म्हणालं नव्हतं. हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, पुढे-मागे करून, तांदूळ निवडावेत तसं. एकही शब्द खोटा सापडत नाही. म्हणूनच जास्त राग येतो. खोटं बोललं असतं तर पकडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई ओट्याशी येऊन म्हणाल्या, "मावशी, तिला जरा तयार करा हो. तुमचं ऐकते ती. तिकडच्या गोष्टी सांगा, मन वळवा."

मला तिकडचं काय माहीत? पण ताईंनी सोय केली. ऑफिसमधून झाडांची रंगीत चित्रं काढून आणली आणि मुलीच्या कपाटाच्या दारावर चिकटवली. उत्तरेकडच्या जंगलांतली झाडं. मुलगी वाचायची आणि मी ऐकायची. पहिलं चित्र बघून मी म्हटलं, "हे तर सुरू."

"सुरू काय?"

मग तिला समुद्राकडच्या बागेत नेलं. तिथे सुरूची झाडं आहेत, धुळीने पांढरट झालेली, पण आमच्या किनाऱ्यावर असतात तीच. सुरूचं पान म्हणजे बारीक हिरवी काडी, तिला बोटाच्या पेरांसारखी पेरं असतात. एका पेराशी ती ओढून तोडायची, पुन्हा तिथेच बसवायची आणि समोरच्याला विचारायचं, सांग कुठे तुटलंय? आम्ही लहानपणी पुळणीवर हा खेळ तासन्‌तास खेळायचो. जोड इतका नीट बसतो की दिसत नाही. मुलीला तो फार आवडला. पण परत येताना गाडीत मला म्हणाली, "मावशी, पण सुरू इज नॉट फर. यू हॅव टू लर्न."

मग मी शिकले. पाइनच्या सुया जुडीने येतात, दोन, तीन किंवा पाच एकत्र. स्प्रूसची आणि फरची सुई मात्र एकेकटी, म्हणून त्या दोघांत गोंधळ होतो. सुई तोडून बोटांत फिरवायची. स्प्रूसची चौकोनी असते, काडीसारखी गरागरा फिरते आणि टोचते. फरची चपटी आणि मऊ असते, ती फिरतच नाही. उलटी केली की खालच्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा दिसतात, गंधाच्या ओढाव्यात तशा. सुया गळून गेल्यावर स्प्रूसची काटकी किसणीसारखी खरखरीत लागते, फरची गुळगुळीत, नुसते गोल गोल ठसे उरतात. स्प्रूसची फळं खाली लोंबतात. फरची फांदीवर उभी राहतात, घरात उदबत्त्या खोचतो तशी, आणि झाडावरच सुटी होऊन झडतात. म्हणून फरच्या झाडाखाली अख्खं फळ सहसा मिळत नाही. मिळालं तर ते शेजारच्या झाडाचं.

हे सगळं मला नुसतं ऐकून पाठ झालं. संध्याकाळी कणीक मळताना मुलगी ओट्यावर चढून बसायची आणि विचारायची, "चपटी?" मी म्हणायची, "फर." "टोचते?" "स्प्रूस." "तीन-तीनची जुडी?" "पाइन." साहेब पाण्याचा ग्लास घ्यायला आत आले की म्हणायचे, "वा मावशी, तुम्ही तर फॉरेस्ट ऑफिसर होणार." मी पदर तोंडावर घ्यायची. मला बरं वाटायचं. मी मनात ठरवलं होतं की तिकडे गेल्यावर मुलगी शाळेत जाईल तेव्हा मी एकटी त्या झाडांत जाऊन येईन. माणसांशी बोलायला मला भाषा नाही. झाडांचं काही अडत नाही.

खरं झाड मिळालं ते जानेवारीत. वरच्या मजल्यावर गोऱ्या लोकांचं एक बिऱ्हाड होतं. नाताळ संपल्यावर त्यांनी आपलं झाड खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्याशी आणून टाकलं. खरंखुरं, तोडलेलं, कुठून तरी थंड पेटीत घालून जहाजाने मीना सलमान बंदरावर आलेलं असणार. मुलगी शाळेच्या बसमधून उतरली तीच ओरडत. आम्ही दोघी डब्याशी उकिडव्या बसलो. वॉचमन केरळचा होता, चांगला माणूस. तो म्हणाला, "दीदी, ये कचरा है. खलास. अभी गाडी आयेगा, ले जायेगा."

मुलगी म्हणाली, "भैया, वेट! मावशी का एक्झाम है."

तिने माझे डोळे माझ्याच पदराच्या टोकाने झाकले आणि हातात एक सुई दिली. मी ती फिरवायला गेले. फिरली नाही. नखाने चुरली तर वास आला. कोकणातल्या कशासारखा नाही, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा थोडा आणि नव्या लाकडाच्या पेटीसारखा थोडा. वारा धुळीचा होता, डब्यातून शिळ्या बिर्याणीचा वास येत होता, आणि त्या दोन्हींत हा तिसरा वास. मी म्हटलं, "फर."

"शाबाश, मावशी!" वॉचमननेही टाळ्या वाजवल्या. "दीदी पास!"

एक फांदी तोडून आम्ही वर नेली आणि बादलीत वाळू भरून मुलीच्या खोलीत उभी केली. मग तिने खेळ काढला. पडदे ओढायचे, एसी सोळावर लावायचा, दोघींनी स्वेटर घालायचे आणि फांदीशी जमिनीवर बसून राहायचं. हे जंगल. मला थंडीची सवय व्हावी म्हणून. बाहेर ऊन तापायला लागलं तरी आम्ही आत कुडकुडत बसायचो. ताईंनी मला लोकरीचे मोजे दिले होते. त्यांनी स्वतःसाठी मागवले आणि ते मोठे आले. "बघा तुम्हाला होतात का," एवढंच म्हणाल्या. मला झाले. मी तेही खूण म्हणून घेतलं.

साहेब दार ढकलून डोकवायचे. "काय, आला का नॉर्थ पोल?"

"बाबा, क्लोज द डोअर! जंगल मेल्ट होईल!"

फांदी वाळत गेली, सुया गळत गेल्या. ताई करवादायच्या, "अहो मावशी, किती कचरा हा!" मी रोज झाडून काढायची. तरी कोपऱ्यात, पलंगाखाली राहायच्याच.

झाडण्यावरून एक सांगायचं राहिलं. साहेब कामासाठी नेहमी फिरतीवर असायचे, कधी रियाधला, कधी दुबईला. ते निघताना त्यांच्या उजव्या हातावर दही ठेवायचं हे काम माझं होतं. आणि ते गेल्यावर, पोचल्याचा फोन येईपर्यंत, मी घरात केर काढत नसे. घरातून माणूस गेल्या-गेल्या केर काढला तर ते माणूस परत न येण्यासारखं असतं, तसा केर फक्त मयतानंतर काढतात. सुरुवातीला ताई हसायच्या, "मावशींचं आपलं काहीतरी." पण एकदा साहेबांच्या विमानाला खूप उशीर झाला, फोन लागेना, तेव्हा ताईंनीच माझ्या हातातला झाडू काढून घेतला होता. मी तर नुसता तो भिंतीशी उभा करत होते. त्यानंतर त्याच बजावायला लागल्या, "मावशी, केर नका हं काढू."

मोठे कोट आले ते मॉलमधल्या सेलमधून. तीन आले. मी काही विचारलं नाही. विचारायचं मला कधी जमलं नाही. साहेब ताईंना म्हणत होते की बाकीचं तिकडे चांगलं मिळतं, त्यावरून मी समजले की माझा तिकडे घेणार.

शाळा संपत आली तेव्हा साहेब म्हणाले, "मावशी, तुमचा पासपोर्ट द्या. कागद करायचेत." मी ट्रंकेतून काढला, देवापुढे ठेवला, नमस्कार केला आणि मग दिला. काही दिवसांनी नाश्त्याच्या वेळी, मुलगी आंघोळीला गेली होती, तेव्हा त्यांनी तो परत टेबलावर ठेवला. ताई खुशीत होत्या.

"मावशी, झालं बरं का तुमचं काम. हूऱ्यात एक चांगलं घर मिळालंय. एका आजींचं करायचं, लहान मुलांची कटकट नाही. व्हिसा ट्रान्सफर झाला."

मला वाटलं, मध्यंतरीची सोय असेल. मी म्हटलं, "हूऱ्याला? तिकडचा व्हिसा येईपर्यंत का?"

साहेबांनी पेपर खाली केला. "तिकडचा? कॅनडाचा? मावशी, तिकडे कोणी अशी घरात बाई नाही ठेवत. सगळे आपलं आपलं करतात."

ताईंचा चेहरा पडला. वाईट वाटून नाही. घरात काहीतरी सांडल्यावर पडतो तसा. "तुम्हाला तसं वाटलं होतं का? अहो, पण आम्ही कधी म्हटलं?"

कधीच म्हटलं नव्हतं.

"आणि हिला आत्ता काही बोलू नका हं," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मावशी मागून येणार असं सांगितलंय तिला. नाहीतर विमानतळावर तमाशा करेल. एकदा तिकडे रुळली की विसरेल."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच माझ्या तोंडून आलं. माझ्यासारखीला राग येतो तो दुसऱ्या दिवशी, भांडी घासताना, समोर कोणी नसताना. चांगली चांगली वाक्यं तेव्हा सुचतात. मला तयार करायला सांगितलं होतं मुलीला. ती तयार झाली होती. लाडू झाल्यावर कढईचं काय काम? ती घासायची आणि दुसऱ्याला द्यायची.

मी झाडांचे धडे थांबवले. मुलगी ओट्यावर येऊन बसायची, "चपटी?" म्हणायची. मी म्हणायची, "आता मला काम आहे." तिला वाटलं मी थकले. तिने मला पाणी आणून दिलं.

सामान गेलं, फर्निचर गेलं, कपाटाच्या दारासकट चित्रंही गेली. निघायच्या दिवशी सकाळी घरात नुसता आवाज घुमत होता. बॅगा खाली गेल्या. ताई म्हणाल्या, "मावशी, दही तुम्हीच द्या बाई. तुमचा हात चांगला आहे."

तेवढं दही मी आदल्या दिवशी विरजून ठेवलं होतं. का ठेवलं, माहीत नाही. सवय. मी वाटी घेतली. साहेबांच्या हातावर घातलं. ताईंच्या हातावर घातलं. मुलीच्या हातावर घातलं, वर चिमूटभर साखर. तिने चाटून घेतलं आणि माझ्या हातातला चमचा ओढला.

"नाऊ मावशीला."

"मावशींना कशाला?" ताई म्हणाल्या.

"शी इज ऑल्सो ट्रॅव्हलिंग. मागून." तिने माझा उजवा हात उलटा केला आणि त्यावर दही घातलं, सगळंच, उरलेलं सगळं. ते बोटांमधून खाली गळायला लागलं. "मावशी, ईट!"

साहेब मोबाइलमध्ये गाडी कुठे पोचली ते बघू लागले. गाडी खाली उभी होती हे सगळ्यांना माहीत होतं. ताई खिडकीकडे वळल्या. मी दही खाल्लं. जो मागे राहतो त्याच्या हातावर दही घालताना मी जन्मात बघितलं नव्हतं.

दारात ताई मला जवळ घ्यायला आल्या आणि माझा हात चिकट आहे हे बघून थांबल्या. "मावशी, किल्ली वॉचमनला द्या. आणि आम्ही पोचल्याचा फोन येईपर्यंत केर नका हं काढू."

मी मान डोलावली.

लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज ऐकला. हात धुतले. मग दारामागून झाडू घेतला आणि बैठकीच्या खोलीपासून सुरुवात केली. गाडी अजून खालीच होती, डिकीचं झाकण आपटल्याचा आवाज मला आला. मी कोपऱ्यातून मधे, मधून दाराकडे असं नीट काढत आले. सोफा होता तिथली धूळ, ताईंची एक केसांची पिन, साहेबांच्या कागदांचे तुकडे. मग त्यांची झोपायची खोली. मग जेवणाची, जिथे टेबल होतं.  इतक्या वर्षांत त्या घरात मी स्वतःच्या मनाने केलेली ती एकच गोष्ट.

वॉचमन किल्लीसाठी वर आला तेव्हा सुपली भरली होती. "दीदी, अभी झाडू? वो लोग अभी तो निकला."

मी सुपली बाजूला ठेवली. मुलीच्या खोलीच्या दाराशी आले. पलंग गेला होता, आणि तो होता त्या जागी भिंतीकडेला फरच्या सुया पडल्या होत्या, तांबूस झालेल्या, वाळलेल्या. मी वाकून एक उचलली आणि दोन बोटांत धरून फिरवली. फिरली नाही. वास गेला होता. ती होती तिथेच ठेवली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"वो एक कमरा रह गया, दीदी," वॉचमन म्हणाला.

"रहने दो," मी म्हटलं, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.